हिंगमिऱ्यांच्या दारचं पाणी

मुलाणीनं दुसऱ्यांदा चहा पुढं केला, तेव्हा मी आप्पांच्या कानाशी लागलो. "हा काही पाणी देत नाही. उठा आता."

आप्पांनी माझ्याकडं बघितलंही नाही. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून नुसता दाबला. बसल्या जागी पाय हलवायची मला खोड होती. पाय हलवला की घरातली लक्ष्मी निघून जाते, असं आमची आई, अव्वा, लहानपणापासून बजावत आली होती. इथं तर मी उधारीवाल्याच्या दारात बसून लक्ष्मी घालवत होतो, त्यामुळं आप्पांचा हात गुडघ्यावरून निघायचं नाव घेत नव्हता.

"मुलाणी, चहा झाला," आप्पा म्हणाले. "आता तांब्याभर पाणी दे बघू."

"पाणी कशाला शेठ? सरबत मागवतो. घरात ताक हाय. शेळीचं दूध म्हणालासा तर शेळी बांधल्या मागं."

"मला पाणीच पाहिजे."

मुलाणी उठला आणि माठाच्या आणि आमच्या मधे जाऊन उभा राहिला. त्याच्यामागं छपाईचं यंत्र ताडपत्री पांघरून पडलं होतं आणि त्या ताडपत्रीवर एक कोंबडी निवांत बसली होती. "पाणी मिळणार न्हाई," तो म्हणाला. "थोरलं पोरगं पुण्याला कामाला लागलंय. रमजान होऊ द्या. माझं नाव एवढ्यात पुसू नका शेठ."

"बरं, राहू दे," आप्पा म्हणाले आणि धोतर झटकून उठले. गाडीत बसताना त्यांचा चेहरा असा होता, की जणू मुलाणीनं पैसेच मोजून दिले.

आमचं सांगलीत गणपती पेठेत कागदाचं ठोक दुकान. तालुक्यातालुक्यांतले छापखाने आमचं गिऱ्हाईक. आजोबांनी दुकान काढलं तेव्हाच एक रीत घालून दिली होती. एखाद्याची उधारी बुडाली असं वाटलं, तर गादीवर बसल्याबसल्या ती बुडीत मांडायची नाही. त्या माणसाच्या दारात जायचं, पाणी मागायचं आणि प्यायचं. पाणी प्यालं की खातं मिटलं. परत मागायचं नाही, चारचौघांत बोलायचं नाही, रस्त्यात गाठ पडली तर तोंड फिरवायचं नाही.

ही रीत जिल्ह्यातल्या सगळ्या छापखानेवाल्यांना पाठ होती. कोणी पाणी देऊन आप्पांच्या पाया पडायचा. कोणी पाणी देऊन दुसऱ्याच दिवशी मिरजेच्या व्यापाऱ्याकडून रोखीनं कागद घ्यायचा. आणि कोणी मुलाणीसारखा माठापुढं आडवा उभा राहायचा. पाणी न देणारा माणूस कधी ना कधी पैसे देतो, असं आप्पांचं म्हणणं. मला ते पटत नव्हतं, कारण मुलाणी गेली तीन वर्षं आम्हाला नुसता चहाच पाजत होता.

दर वर्षी आप्पा एखाददुसऱ्या दारात जायचे. त्या वर्षी मात्र सगळ्यांच्याच दारात जायची पाळी आली. आमचे सीए पेंडुरकर समोर कागद पसरून बसले होते आणि म्हणाले होते, "आप्पा, ही येणी तुम्ही दर वर्षी चांगली म्हणून दाखवता. यातले निम्मे छापखाने बंद पडलेत, तिथं फ्लेक्सवाले बसलेत. मी यावर सही करणार नाही. जे येणार नाही ते बुडीत घाला, नफ्यातून वजा करा. बँकेला खरं चित्र दिसू द्या. नाहीतर तुमचं खातं या वर्षी पुढं चालू राहत नाही."

बँकेची कर्जमर्यादा गेली, तर मिलला द्यायला पैसे नाहीत. मिलला पैसे दिले नाहीत, तर जूनमधल्या वह्यांच्या हंगामाला कागद नाही. आणि हंगाम गेला की दुकानाला कुलूप. हे मला कळत होतं, आप्पांनाही कळत होतं. तरी त्यांचा हट्ट एकच, की दारात गेल्याशिवाय कोणाला बुडीत म्हणायचं नाही. म्हणून आठवडाभर मी आमची जुनी ओमनी घेऊन त्यांना उन्हातान्हात फिरवत होतो आणि मनातल्या मनात कॅलेंडरची पानं मोजत होतो. मार्च संपायला दोन दिवस होते आणि शेवटचं दार राहिलं होतं जतचं, हिंगमिऱ्यांचं. यादीतली सगळ्यात मोठी रक्कम त्यांची होती.

मल्लाप्पा हिंगमिरे आमचे व्याही. माझी धाकटी बहीण गिरिजा त्यांच्या घरात दिलेली.

हे लग्न आप्पांनी पत्रिका बघून ठरवलं नव्हतं, हिंगमिऱ्यांचं खातं बघून ठरवलं होतं. मल्लाप्पांच्या बिलाचे पैसे कधी एक दिवस उशिरा आले नव्हते. "ज्याचा व्यवहार चोख त्याचं घर चोख," आप्पा अव्वाला म्हणाले होते, आणि मुलगा काय करतो, सासू कशी आहे, हे विचारायला कोणी गेलंच नाही. असली चूक व्यापारीच करू जाणे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीपासून पैसे यायचे थांबले. व्याह्याच्या मागं तगादा कोण लावणार? कागद जात राहिला आणि आकडा वाढत राहिला.

मुलाणीचं कवठे महांकाळ मागं पडल्यावर आप्पा म्हणाले, "गेल्या गेल्या पाणी मागू नकोस. आधी ख्यालीखुशाली इचार."

"आणि त्यांनीही चहाच पाजला तर?"

"व्याही हायत ते. उलट सुटतील बिचारे." थोड्या वेळानं ते म्हणाले, "पाणी तू प्यायचं हाय. ध्यानात ठेव."

मला बरोबर आणलं होतं ते त्यासाठीच. आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या सासरच्या पाण्याला शिवत नाही. गिरिजाच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि तिला मूल नव्हतं. भावाला मात्र चालतं. तेव्हा आप्पांनी समोर बसायचं, मी प्यायचं, खातं मिटवायचं आणि बँक बंद व्हायच्या आत सांगलीला परतायचं, असा बेत होता.

गिरिजाला बघून बरेच दिवस झाले होते. दिवाळीला ती आली नाही, संक्रांतीलाही आली नाही. फोन केला की "बरी हाय" एवढंच म्हणायची, मागं कोणीतरी उभं असल्यासारखं. अव्वा म्हणायची, तिच्या मनात काहीतरी आहे. मी म्हणायचो, तुझ्या मनात आहे.

जतच्या बाजारपेठेत पुढं प्रेस आणि मागं घर, अशी हिंगमिऱ्यांची जागा होती. आम्ही उतरलो तेव्हा आतून मशीनचा आवाज येत होता. तो थांबला आणि पदराला हात पुसत गिरिजाच बाहेर आली. मला वाटलं, मशीनवरचा माणूस आत असेल. पण शाई तिच्याच नखांत होती. गिरिजा वाळली होती. आप्पांच्या पाया पडताना तिच्या मानेचं हाड दिसलं आणि माझं मन उगाचच अस्वस्थ झालं.

"आप्पा, तुम्ही? कळवलं न्हाई काय," ती म्हणाली. मग माझ्याकडं बघितलं, ओमनीकडं बघितलं, आणि तिच्या ध्यानात आलं. आमच्याच घरात वाढलेली पोरगी ती. मार्चअखेरीला आप्पा कशासाठी गावं फिरतात हे तिला सांगायला लागत नव्हतं. ती तशीच मागं वळून आत गेली.

"या या, आवटीशेठ!" मल्लाप्पांनी सोप्यात सतरंजी अंथरली. "लेकीच्या घरची वाट कशी काय सापडली?"

जावई राजशेखर घरात नव्हता. कामासाठी विजापूरला गेलाय, असं त्याच्या आईनं, काशव्वांनी, न विचारताच सांगितलं. मग ऊन झालं, पाऊसपाणी झालं, सोन्याचा भाव झाला. फ्लेक्सवाल्यांनी धंद्याचं कसं वाटोळं केलं तेही झालं. आप्पा मान डोलवत होते. मला घड्याळ दिसत होतं. शेवटी मला राहवलं नाही.

"मामा, ऊन फार झालंय. जरा पाणी मिळेल का?"

मल्लाप्पा माझ्याकडं बघतच राहिले. मग त्यांनी आप्पांकडं बघितलं. आप्पांनी मान खाली घातली. तसे मल्लाप्पा एकदम सैल झाले, पाय लांब केले, हसले. "मिळंल की! पाणी मिळायला काय झालं? गिरिजा, अण्णाला तुझ्या पाणी आण गं!"

"आणते," आतून आवाज आला.

ती आली नाही. पंखा कुरकुरत होता. मल्लाप्पांनी गळा साफ केला आणि पुन्हा हाक मारली.

"नळ आला न्हाई सकाळपासनं," गिरिजा आतून म्हणाली.

"अगं, मघाशी दोन घागरी भरल्यात की मी!" काशव्वा ओरडल्या.

"तांब्या घासतेय."

"तांब्या घासतीया म्हणं. पेल्यात आण की!"

पेलाही आला नाही. माझा पाय हलायला लागला. आप्पांचा हात गुडघ्यावर आला, पण त्या हातातही नेहमीचा जोर नव्हता. मी उठलोच. "मी आत जाऊन घेतो मामा. घरचाच माणूस आहे." सगळ्यांनी मिळून मला वेड्यात काढायचं ठरवलंय, असं मला वाटत होतं.

स्वयंपाकघरात माठाला ओलं फडकं गुंडाळलेलं होतं आणि त्याच्या बुडातून पाणी ठिबकत होतं. माठ काठोकाठ भरलेला असणार. गिरिजा त्याच्यापुढंच जमिनीवर बसली होती, पाठ माठाच्या तिवईला टेकवून.

"काय पोरखेळ लावलायस?" मी म्हणालो. "ऊठ."

"मी उठणार न्हाई."

"गिरू, दोन दिवसांत मार्च संपतोय. हे खातं मिटलं नाही तर बँक आपल्याला उभं करणार नाही. दुकान जाईल. कळतंय का तुला?" मी फडताळातला पेला घेतला. तिनं बसल्या जागेवरून हात लांब करून तो माझ्या हातातून काढून घेतला आणि मांडीखाली ठेवला.

"तू पाणी पिऊन जाशील," ती हळू म्हणाली. "मग?"

"मग काय? तुझ्या सासऱ्याच्या डोक्यावरचं ओझं जाईल. तुला नको आहे का ते?"

"ओझं गेलं की मी पण जाते."

मला समजलं नाही. ती दाराकडं बघत भराभर बोलायला लागली, दूध उतू जायच्या आत भांडं उतरवावं तशी. "ते विजापूरला कामाला गेलेले न्हाईत. तिथली पोरगी बघून ठेवल्या. दोन वर्षं झाली हे चाललंय. मला मूल न्हाई म्हणून सोडचिठ्ठी करायची आणि ती करून आणायची. मामंजींनी थांबवलंय. ते म्हणतात, आत्ता हिला म्हायेरी पाठवली तर आवटी दुसऱ्या दिवशी दावा ठोकंल, प्रेसच्या जागेवर जप्ती यील. देणं हाय तवर राहू दे हिला. अण्णा, माझ्या ताटात जी भाकरी पडते ती तुमच्या उधारीची हाय."

माठाचं पाणी ठिबकत होतं. बाहेर मल्लाप्पा कसल्यातरी गोष्टीवर मोठ्यानं हसले.

"मग इथं बसलीस कशाला? चल. आत्ता चल."

"येऊन काय करू? अव्वा रडत बसंल. गल्लीतल्या बायका रोज येऊन इचारतील. तू म्हणशील ऱ्हा, तुझी बायको चार दिवस म्हणंल ऱ्हा. इथं निदान मशीन चालवते. कागद कापते. माणसं प्रेसवाली वहिनी म्हणतात." तिनं नखांतली शाई बघितली. "खातं राहू दे, अण्णा. तुझ्या पाया पडते."

मला राग आला. मल्लाप्पांचा आला, त्या राजशेखरचा आला, बिलं बघून लेक देणाऱ्या आप्पांचा आला. सगळ्यात जास्त गिरिजाचाच आला, की एवढं पोटात ठेवून ती फोनवर बरी हाय म्हणत होती. आणि रागाच्या खाली भीती होती. ती म्हणत होती त्यात एक शब्दही खोटा नाही, हे मला कळत होतं.

मी बाहेर आलो. "पाणी राहू दे मामा. आप्पा, उठा. बँकेत जायचंय."

"राहू दे कसं?" मल्लाप्पा ताडकन उठले. "पाणी न्हाई म्हणजे काय? मी आणतो!" आणि ते स्वतः आत धावले. आत काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. मी आप्पांचा दंड धरला, त्यांना जवळजवळ ओढतच गाडीत बसवलं आणि किल्ली फिरवली. ओमनी एका झटक्यात सुरू झाली असं त्या वर्षात त्या दिवशीच घडलं.

आरशात मल्लाप्पा दिसले. भरलेला पेला हातात धरून ते भर बाजारपेठेत आमच्या मागं पळत होते आणि पाणी त्यांच्या धोतरावर सांडत होतं. "अहो शेठ! पाणी तरी घ्या! पाणी!"

"अरे काय झालंय तरी काय?" आप्पा विचारत होते. "शिवा, व्याही पळतोय मागनं!"

गावाबाहेर एक रसवंती होती. मी गाडी तिथं थांबवली. बाकड्यावर बसून मी आप्पांना सगळं सांगितलं. चरकाला बांधलेली घुंगरं वाजत होती, म्हणून मोठ्यानं सांगावं लागत होतं, आणि असलं काही मोठ्यानं सांगायला जीभ रेटत नव्हती.

आप्पा ऐकत राहिले. रसवाल्यानं पेले आणून ठेवले, त्यांना कोणी हात लावला नाही.

"दावाच लावू," मी म्हणालो. "त्यांना भीती आहे ना? मग खरंच लावू. जागेवर जप्ती आणू. रस्त्यावर बसू देत."

"आणि तवर गिरिजा कुठं?"

"तवर…" मी थांबलो.

"दावा धा वर्षं चालंल. धा वर्षं ती त्यांच्या चुलीपुढं. न्हाईतर आपल्या चुलीपुढं, तारखेची वाट बघत." आप्पा माझ्याशी बोलत नव्हते, रस्त्याकडं बघत बोलत होते. "लोक दागिने गहाण ठेवतात शिवा, जमीन ठेवतात. मी लेक ठेवली. आणि मला पत्ताच न्हाई."

तेव्हा मला दिसलं, की बाकडं हलतंय. माझा पाय जमिनीला घट्ट टेकलेला होता. पाय आप्पांचा हलत होता. साठी उलटलेल्या माझ्या बापाचा पाय मी आयुष्यात पहिल्यांदा हलताना बघितला. मला दुसरं काही सुचलं नाही. त्यांनी माझ्या गुडघ्यावर ठेवायचे तसा मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

त्यांनी तो झटकला. "हलू दे! लक्ष्मी तिकडं माठाला टेकून बसलीया, आणि मी इकडं गुडघा धरून काय करू? फिरव गाडी."

आम्ही परत गेलो तेव्हा मल्लाप्पा सोप्यातच होते आणि तो पेला पायरीवर होता, पुन्हा काठोकाठ भरलेला. आम्हाला बघून त्यांचा जीव भांड्यात पडला. "मला वाटलंच, शेठ येणार. माणूस रीतीला धरून. घ्या, शिवानंद घ्या!"

आप्पांनी पेला उचलून बाजूला ठेवला आणि पायरीवरच बसले. आत जायला तयार झाले नाहीत. "ह्यातलं न्हाई. मला प्यायचंय. गिरिजाच्या हातचं."

"तुमाला?" काशव्वा दारात आल्या. "तुमाला हितलं पाणी चालत न्हाई की वो."

"लेकीच्या घरचं चालत न्हाई," आप्पा म्हणाले. "हे माझ्या लेकीचं घर हाय का न्हाई, तेच तिला इचारायला आलोय."

मागं दाराच्या चौकटीला धरून गिरिजा उभी होती. तिच्या कोपराला खरचटलं होतं. मघाशी सासऱ्यानं तिला माठापुढून बाजूला केलं असणार.

"गिरू," आप्पा म्हणाले, "मला समदं कळलंय. तुला हितं ऱ्हायचं असंल तर पाणी आणू नकोस. मी उठून जातो. खातं हाय तसं ठेवतो, मरंपर्यंत ठेवतो, बँकेचं काय व्हायचं ते होऊ दे. तुला कोण हलवत न्हाई हितनं. आणि यायचं असंल तर पाणी आण. तुझ्या मनानं कर. माझ्याकडं बघू नकोस."

"काय बोलतासा शेठ, कुणीतरी कान भरल्यात तुमचे…" मल्लाप्पा सुरू झाले. आप्पांनी त्यांच्याकडं मान वळवली नाही.

गिरिजा आत गेली.

काही ऐकू येईना. मी दाराकडं बघत होतो आणि काय व्हावं असं मला वाटतंय तेच मला कळत नव्हतं. ती आली नाही तर दुकान जाणार होतं. ती आली तर तिला घेऊन गल्लीत उतरायचं होतं, अव्वाला तोंड दाखवायचं होतं. समोरच्या भांड्याच्या दुकानातले लोक आमच्याकडं बघत होते. मल्लाप्पा पंच्यानं मान पुसत होते. मघाशी मशीन बंद करताना कागद तसाच अर्धवट राहिला होता आणि पंख्याच्या वाऱ्यानं फडफडत होता.

मग माठावरची लाकडी झाकणी बाजूला ठेवल्याचा आवाज आला.

गिरिजा तांब्या घेऊन आली. तो तिच्या लग्नातला तांब्या होता. आप्पांनी सांगलीच्या तांबटाकडून त्यावर तिचं नाव घालून घेतलं होतं. तिनं तो आप्पांच्या हातात दिला. आप्पांनी तो वर धरला आणि प्यायला सुरुवात केली. पाणी त्यांच्या हनुवटीवरून सदऱ्यात जात होतं, तरी ते थांबले नाहीत. ते पीत होते तोवर गिरिजा पायरी उतरली आणि तिथं ठेवलेल्या चपला तिनं पायात घातल्या.

आप्पांनी रिकामा तांब्या खाली केला. "पाव्हणं, खातं मिटलं. आवटीचं हिंगमिऱ्याकडं काही येणं न्हाई."

आणि मल्लाप्पांनी हात जोडले. ते मी कधी विसरणार नाही. पाच वर्षं घरात राबलेली सून चपला घालून दारात उभी होती, आणि त्यांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांनी आप्पांना हात जोडले, डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. काशव्वा म्हणाल्या, "तिची कापडं?" गिरिजानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आप्पांच्या हातातला तांब्या तिनं परत घेतला आणि गाडीत जाऊन बसली.

बँकेनं पुढं आमची मर्यादा निम्म्यावर आणली. दुकानाचा अर्धा गाळा भाड्यानं द्यावा लागला. अव्वा बरेच दिवस रडली आणि गल्लीतल्या बायकांनी जे विचारायचं ते विचारलं. गिरिजा म्हणाली होती त्यातलं सगळं झालं. पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी गाडी सांगलीच्या वाटेला लागली होती. मी आरशात तिला बघत होतो. ती मांडीवर रिकामा तांब्या धरून त्यावरच्या स्वतःच्या नावावरून अंगठा फिरवत होती, थांबतच नव्हती.

जत मागं पडल्यावर ती म्हणाली, "आप्पा."

"हं."

"मला पण बुडीतच मांडणार का?"

मी गाडीचा वेग कमी केला. आप्पा पुढं बसले होते. त्यांनी मागं वळून बघितलं नाही, कारण त्यांचे डोळे वाहत होते आणि ते तिला दिसू नयेत असं त्यांना वाटत असावं.

"शिवा," ते म्हणाले, "मुलाणीकडं थांबव."

कवठे महांकाळला ऊन उतरलं होतं. आमची ओमनी दारात बघताच मुलाणी धावत आत गेला आणि माठापुढं उभा राहिला, सकाळसारखाच. "शेठ, सकाळीच सांगितलं की! पाणी मिळणार न्हाई!"

"पाणी कोण मागतंय तुझ्याकडं?" आप्पा म्हणाले. "लेक आलीया बरोबर. तिला चहा पाज."

मुलाणीनं आप्पांच्या ओल्या सदऱ्याकडं बघितलं. मग गिरिजाकडं, तिच्या हातातल्या रिकाम्या तांब्याकडं बघितलं. यंत्रावरची कोंबडी हुसकून त्यानं ताडपत्रीचा कोपरा स्वतःच्या सदऱ्यानं पुसला, तिला तिथं बसायला सांगितलं आणि आत चहा टाकायला ओरडून सांगितलं.

गिरिजा आमच्याच घरात वाढलेली होती. पाण्याऐवजी मिळालेला हा चहा म्हणजे खातं अजून मिटलेलं नाही, हे तिला माहीत होतं. पहिला घोट घेताना ती हसत होती की रडत होती ते मला सांगता येणार नाही. माझा पाय जोरात हलत होता. आप्पांनी तो बघितला आणि हलू दिला.

मुलाणीनं दुसऱ्यांदा चहा पुढं केला, तेव्हा ती नको म्हणाली नाही.